सोमवारचा डबा

माझ्या नवऱ्याचं वजन सगळ्या कुंभवली गावाला पाठ होतं आणि त्याला कारण मीच. दर रविवारी सकाळी नागलीचं दळण घेऊन मी पुढे आणि नागोराव मागे, अशी आमची वरात बबलूच्या गिरणीवर निघायची. दळण काट्यावरून उतरलं की बबलू हात झटकत म्हणायचा, "चला काका, आता तुमचा नंबर." नागोराव चपला काढायचे, खिशातला मोबाइल माझ्या हातात द्यायचे आणि काट्यावर उभे राहायचे. दळणाला आलेल्या बायका आपापल्या पिशव्या सोडून आकडा बघायला वाकायच्या. घरात ठेवायच्या त्या काचेच्या काट्यांवर माझा विश्वास नाही. गिरणीच्या काट्यावर लोकांचं धान्य मोजतात, तो कुणाची भीड ठेवत नाही.

पहिल्या रविवारी एकशे चार. दुसऱ्या रविवारी एकशे चार. चौथ्या रविवारी एकशे पाच.

एकशे पाच दिसल्यावर मी बबलूशी भांडले. काटा बिघडलाय म्हटलं. त्यानं बिचाऱ्यानं वीस किलोचं माप ठेवून दाखवलं, काटा बरोबर होता. मग मी स्वतः चढून उभी राहिले. माझं वजन त्याच चार आठवड्यांत तीन किलोनं उतरलं होतं. "काकी, डाएट तुमचं चाललंय की काकांचं?" बबलूनं विचारलं, आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, काय करणार.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. नागोराव कारखान्यांमध्ये मचाणं बांधतात, लोखंडी पाइपांची. टाकी धुवायची असो की चिमणी रंगवायची असो, आधी यांची टोळी वर चढते आणि मग बाकीचे. त्यासाठी हाइट पास लागतो. तो दर वर्षी डॉक्टरनं तपासून मिळतो. या फेब्रुवारीत डॉक्टरनं यांना काट्यावर उभं केलं आणि पास अडवला. म्हणाले, वर चढताना अंगाला बांधायचा पट्टा शंभर किलोपर्यंतच्या माणसासाठी असतो, आणि वर पाने-पकडींचं वजन वेगळं. तीन महिने देतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पंच्याण्णवच्या खाली या, तोवर जुन्या पासावर काम करा. नाही आलात तर खाली स्टोअरमध्ये बसायचं.

त्या संध्याकाळी चहा पिताना नागोराव म्हणाले, "नसंल मिळत तर नसंल. खाली काम हायच की."

मी उसळले. बावीस वर्षांपूर्वी परभणीहून लग्न होऊन आले तेव्हापासून मी या माणसाच्या उंचीवर जगत आले आहे. माहेरी कुणी विचारलं, जावई काय करतात, की माझी आई हात वर करून दाखवायची, सत्तर फूट. प्रतीक्षा, आमची मुलगी, शाळेत असताना चिमणीकडे बोट दाखवून मैत्रिणींना सांगायची, ते वरचे आमचे पप्पा. आणि हा माणूस म्हणतो खाली बसतो! "खाली? पोरांना पाने काढून द्यायला?" मी म्हटलं. "सगळ्या आळीत तोंड दाखवायला जागा ठेवायची न्हाई का?" नागोरावांनी चहा संपवला आणि कप नेऊन मोरीत ठेवला. मला वाटलं, पटलं.

डॉक्टरनं एक छापील कागद दिला होता. त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल आणि क्विनोआ. मी तो कागद घेऊन बोईसरच्या बाजारात गेले. क्विनोआ म्हटल्यावर दुकानदारानं मला समोरच्या औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या जमनाकडे गेले. ती डोंगरातली नागली आणि कुळीथ विकते. तिला विचारलं, तुमच्याकडे माणसं जाड का होत नाहीत गं? ती म्हणाली, "खातात ते, नि चालतात." एवढं ज्ञान मला पुरलं.

मी ज्वारीच्या मुलखातली. नागलीची भाकरी थापायला मला आठवडा लागला, हातावरच फाटायची. पण शिकले. सकाळी साडेपाचला उठून डब्यात दोन नागलीच्या भाकरी, एक दिवस कुळथाचं पिठलं, एक दिवस मोडाच्या मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, जवसाची चटणी ही माहेरची, आणि लहान बाटलीत ताक. नवापूरहून मासे विकायला येणारी बाई मांदेली घेऊन आली की ती कोकम घालून, तेल मोजून चमचाभर. भात फक्त रविवारी, वाटीनं. साखरेचा डबा मी माळ्यावर टाकला. संध्याकाळचं जेवण सात वाजता, आणि नंतर गावच्या पाण्याच्या टाकीच्या रस्त्यानं अर्धा तास चालणं. एकट्या माणसाला पथ्य जड जातं, म्हणून मीही ठरवलं. हे पंच्याण्णवच्या खाली येईपर्यंत यांच्या ताटात जे, तेच माझ्या ताटात. प्रतीक्षानं सुरुवातीला तोंड वाकडं केलं, मग तीही खाऊ लागली.

आणि नागोराव! काय सांगू त्यांचं वागणं. एका शब्दानं कुरकुर नाही. रात्री अर्धी भाकरी खाल्ली की पोटावर हात फिरवायचे, "बास, भरलं." बावीस वर्षांत ज्या माणसानं डब्याचं झाकण धड लावून आणलं नव्हतं, तो डबा घासून, धुवून आणू लागला. कण नाही त्यात. मी शेजारणींना सांगायचे, माणसाला एकदा कळलं ना, की बदलतो. दिवाळीत गाडीवरून पडले तेव्हा चार दिवस घरी बसले होते, त्यानंतर जरा गप्पगप्प झाले होते. आता कुठे माणसात आलेत, असं मला वाटायचं.

आणि मग ते सोमवार सुरू झाले.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी डबा उघडला तर आत वालाच्या शेंगा. कोवळ्या, हिरव्यागार. मी विचारलं, हे कुठून? "दिसल्या, घेतल्या," नागोराव मोजे काढत म्हणाले. पुढच्या सोमवारी गावठी टोमॅटो. त्याच्या पुढच्या सोमवारी डब्याच्या वरच्या कप्प्यात पळसाचं पान, आणि पानात मोगऱ्याचा गजरा. ओला, दाट, जवळजवळ बसवलेल्या कळ्यांचा, बाजारातल्यासारखा विरळ नाही. मी डबा हातात धरून उभीच राहिले. म्हटलं, "माझ्यासाठी आणलात?" नागोरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, "व्हय."

बावीस वर्षांत या माणसानं मला एक फूल आणून दिलं नव्हतं. साडी घ्यायची तर पैसे हातात ठेवायचे, तू घे म्हणायचे. वाईट माणूस नाही, पण असलं काही त्यांना सुचतच नाही, असं मी स्वतःला कधीचं समजावून टाकलं होतं. त्या दिवशी मी गजरा माळला आणि सात वाजता टाकीच्या रस्त्यानं चालायला गेले, यांच्या शेजारून. दुसऱ्या दिवशीही तोच सुकलेला गजरा माळला. परभणीला बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, म्हातारपणी रंग चढलाय भाऊजींना. मी लाजले, या वयात! फुलं पार कोमेजली तेव्हा ती लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली. पुढच्या सोमवारी ताडगोळे आले, मग कैऱ्या, मग करवंदं, आणि मधूनच आणखी दोनदा मोगरा. मी सोमवारची वाट बघू लागले. खोटं कशाला बोलू, वजनाच्या काट्यापेक्षा मला त्या डब्याचं जास्त लागून राहिलं होतं.

काटा मात्र हलायला तयार नव्हता. मार्च संपला, एकशे पाच. एप्रिल अर्धा गेला, एकशे सहा. मला झोप लागेना. थायरॉइड तपासून आणलं, ठीक होतं. मीठ कमी केलं. माझ्या हातून तेल जास्त पडतंय का म्हणून चमचा बदलून लहान घेतला. मग वाटलं, मी खाते ते बघून यांना भूक लागत असेल, म्हणून मीच एक भाकरी कमी केली. माझं वजन एकाहत्तरवरून बासष्टवर आलं. बांगड्या सरकून कोपराला लागू लागल्या, ब्लाउज दोनदा उसवून शिवले. बायका मला थांबवून विचारायच्या, काय खाता हो वहिनी? मी सांगायचे आणि मनात म्हणायचे, माझं उतरून काय उपयोग, ज्याचं उतरायला हवं त्याचं उतरत नाही. देवापुढे उभी राहून मी हेच मागायचे, माझं वाढव हवं तर, यांचं उतरू दे.

तपासणी मंगळवारी होती. त्याआधीच्या रविवारी गिरणीत एकशे सात भरले. बबलूनं आकडा पाहून पुढचं दळण काट्यावर घेतलं. घरी येताना मला रस्त्यातच रडू आलं. नागोराव म्हणाले, "जाऊ दे इंदे. तू केलंस तितकं कुनी करत न्हाई." आणि ते केस कापायला निघून गेले. मी दळणाचा डबा ठेवला आणि ओट्यावर कोपरं टेकून उभी राहिले.

तेवढ्यात दारात एक बाई आली. पंचविशी-तिशीतली, सडपातळ, डोक्यावर टोपली, अंगावर साडी नीटनेटकी खोचलेली. टोपली उतरवून ती हसली.

"इंदूवयनी तुमीच ना? मी सोमी. अंकुशची बायको. तुमच्या मानसाच्या टोळीत हाय ना तो."

अंकुशचं नाव मी ऐकलं होतं. डोंगराकडचा मुलगा, चढायला वाघ आहे, असं हे म्हणायचे. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिनं टोपलीतून नागलीचं गाठोडं काढलं, पानाच्या द्रोणात करवंदं काढली आणि माझ्यापुढे ठेवून पाया पडायला वाकली. मी मागे सरले.

"अगं, हे काय!"

"पाया पडू द्या वयनी. तुमच्या डब्यानं माजा मानूस वाचला."

मला काही उमजेना. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि सांगू लागली. "अंकुशची साखर चारशेच्या वर गेलती. डॉक्टर बोलला, असाच वडापाव खात रायला तर पाय जाईल. मी सकाळी पाचला कंपनीत झाडू मारायला जाते, डबा कदी करू? रोज गेटवरचा वडाच खायचा तो. तवा नागूभाऊ बोलला, माजी बायको देईल डबा. तीन महिने देलात तुमी, येक दिवस खाडा नाय. परवा तपासली, दीडशेवर आली साखर. डॉक्टर बोलला काय खातोस, आमालापन सांग!"

ती मोकळी हसली. मांडणीवर माझा डबा उपडा ठेवला होता, निळ्या झाकणाचा, तळाला पोचा पडलेला. तिनं तो ओळखला. "ह्योच ना?" म्हणाली. "मी बघतलाय. तो तिथंच नळावर धुवायचा, मी सांगून ठेवलं होतं. आमच्यात कोनाचं भांडं रिकामं परत देत नाय. शनिवारी आयशीकडं जाते मी, विक्रमगडला, रविवारी येते, म्हनून सोमवारी काय ना काय घालायला द्यायची. शेंगा ग्वाड होत्या ना? नि मोगरा? आमच्या वाडीतला हाय. बाजारात द्यायच्या आदी तुमच्यासाठी कळ्या काढून ठेवल्या, नि येताना गाडीत बसून ओवला. आवडला का?"

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं. पण त्या पोरीचा काय दोष? मी म्हटलं, "आवडला."

"माळलात?"

"माळला ना. दोन दिवस माळला."

तिचा लहानसा चेहरा आनंदानं फुलला. मी तिला चहा केला. साखर माळ्यावर होती, म्हणून बिनसाखरेचा. तिनं तो फुंकर घालून प्यायला, पुन्हा एकदा डब्याकडे बघून हात जोडले आणि गेली. मी दार लावलं. माझं डोकं एवढं तापलं होतं की हातातला कप मी दोनदा विसळला.

नागोराव तासाभरानं आले. मानेवर पावडर, नवी हजामत. दारातच त्यांना पानातली करवंदं दिसली आणि पाय उंबऱ्याच्या बाहेरच राहिला.

"सोमी येऊन गेली," मी म्हटलं.

ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. कारणं सांगायला लागतील असं वाटलं होतं, तर नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "डबा अंकुश खायाचा. म्या गेटवर वडा खायाचो."

"रोज?"

"रोज. चार, कधी पाच. वर जिलबी."

"का? जीभ आवरंना?"

"तसं न्हाई." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "दिवाळीच्या शटडाऊनला, कंपनी बंद ठेवून साफसफाई चालली हुती तवा, टाकीवरून माजा पाय सुटला. पट्ट्यावर लटकलो, इंदे. वीस मिन्टं. खाली सगळी मानसं एवढाली दिसत हुती. अंकुश आला वर, त्यानं वढून घेतलं. तवापासून शिडीच्या चौथ्या पायरीला पाय लटलटत्यात. माज्या वाटचं वरचं काम अंकुशच करतो. म्या खालून पाइप देतो."

त्या दिवाळीत हे लंगडत घरी आले होते. बोईसरच्या रस्त्यावर खड्ड्यात गाडी घसरली म्हणाले. दोन्ही मांड्यांवर, अगदी वर, चार बोटं रुंदीचे काळेनिळे पट्टे होते, आणि तसाच एक खांद्यावर. मी हळद-तेल गरम करून लावलं आणि खड्डे न बुजवणाऱ्यांना शिव्या दिल्या. गाडी दारातच उभी होती, तिच्यावर एक ओरखडा नव्हता. माझ्या या बोटांखाली ते पट्टे होते आणि मला कळलं नाही.

"मग सांगायचं होतं साहेबाला, नको वरचं काम."

"भ्यालो म्हनून? टोळीत तोंड काढता आलं नसतं. वजनावर पास गेला तर कुनी काही म्हनत न्हाई. डॉक्टरनं काढला म्हनायचं."

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

ते बोटं मोजायला लागले, हळूहळू. "अंकुशला. टोळीतल्या चौघांला. मुकादमाला."

"अजून?"

"वडेवाल्याला."

"वडेवाल्याला!"

"त्यो रोज इचारायचा, घरचा डबा आसून वडा का खाता. येक दिवस सांगितलं."

वडेवाल्याला माहीत होतं. गेटवरच्या, उत्तरेकडून आलेल्या त्या माणसाला, ज्याला यांचं पूर्ण नावही ठाऊक नसेल. आणि मी नऊ किलो वजन घालवलं. साडेपाचला उठून भाकऱ्या थापल्या. देवाला साकडं घातलं. सगळ्या गावाला काट्याभोवती गोळा करून दर रविवारी माझंच हसं करून घेतलं. यांनी काट्यावर उभं राहायचं, मोबाइल माझ्या हातात द्यायचा आणि मी आकड्याकडे बघत असताना माझ्याकडे बघायचं. ते मला आठवलं तेव्हा मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण आतल्या खोलीत प्रतीक्षा अभ्यास करत होती.

"मलाच का न्हाई सांगितलं?"

"तुला कसं सांगू? तूच म्हनलीस, पोरांला पाने काढून द्यायला बसता का म्हनून."

हे लागलं. मी म्हटलेलं होतं, आणि पुन्हा म्हटलं असतं, कारण मला माहीत नव्हतं. मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून राग कमी झाला असं नाही, दोन्ही एकदमच होतं. आणि खरं सांगायचं तर या भीतीचं मला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. वीस मिनिटं माणूस हवेत लटकला आणि घरी येऊन खड्ड्याचं नाव सांगून हळद लावून घेत पडला. एवढं मी पोटात घातलं असतं. डबा अंकुशच्या पोटात गेला त्याचंही मला दुःख नव्हतं. ज्याला गरज होती त्यानं खाल्लं, त्याला गुण आला. माझ्या हातचं पथ्य खोटं नव्हतं.

मी आत गेले. कपाट उघडून शालू काढला आणि घडीतली सुकलेली फुलं तळहातावर घेऊन बाहेर आले. त्यांच्यापुढे धरली.

"आणि हे?"

नागोरावांना आधी कळेचना ते काय आहे. कळलं तेव्हा मान खाली गेली. मघापासून वडे, जिलब्या, मुकादम सगळं सांगताना जी मान जागच्या जागी होती, ती आता गेली.

"डब्यात निघाला," ते म्हणाले. "म्या काई बोलायच्या आतच तू इचारलंस, माज्यासाठी आनला का. तुजं तोंड आसं झालं हुतं इंदे... मला न्हाई म्हनवलं न्हाई."

"मग पुढच्या सोमवारी सांगायचं. त्याच्या पुढच्या."

"तू वाट बघायला लागली हुतीस."

मी फुलं मुठीत धरली. एका परक्या पोरीनं गाडीत बसून, दमलेल्या हातांनी माझ्यासाठी ओवलेला गजरा. तिनं नाव सांगून पाठवलेला. आणि या माणसानं तिचं नाव पुसून तिथे आपलं लिहिलं, कारण फुकट मिळत होतं. मी तीन महिने ज्या माणसाच्या शेजारून टाकीच्या रस्त्यानं मान ताठ करून चालले, तो माणूस नव्हताच. मला आता रडू येत नव्हतं. फसवलं गेल्यावर रडू येतं असं वाटायचं मला. येत नाही. नुसतं कोरडं वाटतं.

सोमवारी मी नेहमीसारखी उठले. दोन भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, कोशिंबीर. निळ्या झाकणाचा डबा भरून ओट्यावर ठेवला. नागोराव त्याच्याकडे बघत उभे राहिले, हात लावेनात.

"घ्या," मी म्हटलं. "अंकुशचा आहे."

संध्याकाळी डबा धुवून आला. आत काही नव्हतं. आदल्या दिवशी सोमी स्वतःच येऊन देऊन गेली होती ना.

मंगळवारी तपासणीत एकशे आठ भरले आणि पास गेला. पाच वाजता नागोराव घरी आले ते वेगळेच दिसत होते. दिवाळीपासून खांदे वर ओढलेले असायचे, ते खाली आले होते. चपला काढतानाच प्रतीक्षाला म्हणाले, "उद्यापासून स्टोअर. खाली." ती माझ्याकडे बघायला लागली, मी रडेन की भांडेन म्हणून. मी ताट वाढत होते.

त्यांनी खिशातून एक पुडी काढली आणि ओट्यावर ठेवली. केळीच्या पानात बांधलेला गजरा. "बोईसर स्टेशनाभायेरून आनला," म्हणाले. "माज्या पैशानं. म्याच आनला." मग पुडी माझ्याकडे सरकवत, "उद्यापास्नं डबा म्याच खातो, इंदे. खरंच."

मी पुडी उघडून बघितली. बाजारातला गजरा, पाणी शिंपडलेला, मधे मधे दोरा दिसणारा. मी तो वाटीत पाणी घालून झाकून ठेवला. नागोरावांना वाटलं, मी घेतला. त्यांनी त्या रात्री दीड भाकरी खाल्ली आणि ते लवकर झोपले, गाढ. सहा महिन्यांत असे झोपले नव्हते. मी जागीच होते.

सकाळी डबा भरला. भाकरी, मुगाची उसळ, जवसाची चटणी. वरच्या कप्प्यात केळीचं पान अंथरून त्यावर गजरा गोल करून ठेवला आणि झाकण लावलं. नागोराव आंघोळ करून बाहेर आले, कपडे चढवले आणि स्टोअरला निघताना डब्याला हात घातला. वास आला असावा. त्यांनी झाकण उघडून बघितलं.

"ह्यो तर तुज्यासाठी आनला हुता."

"डबा अंकुशला द्या," मी म्हटलं, "आणि गजरा त्याच्याजवळ सोमीसाठी. आणि या वेळी कुणी पाठवला, ते खरं सांगा."